तीन हात जागेंतील गाणें

दिवाणखान्यांत रेडिओ आणावयाचा झाला, म्हणजे घरची मंडळी प्रथम त्याच्यासाठीं जागा पाहतात. कोपऱ्यांतील तिवई मोकळी होते, भिंतीवरची एखादी तसबीर चार बोटें वर सरकते, आणि पाहुणा स्थानापन्न होतो. लहान पिकअप मोटारीच्या केबिनमध्यें हीच गोष्ट करावयाची, तर कारागिराला अशी कोणतीच सोय नसते. पुढें कांच व डॅशबोर्ड, दोहों बाजूंना दारें, पाठीशीं पत्रा, आणि मध्यें दोघांतिघांना पुरेल एवढें एकच बाक. या कोंडलेल्या खोलींत गाणें कसें शिरलें, त्याचा इतिहास हा बव्हंशीं जागेच्या भांडणाचा इतिहास आहे.

१९३० सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील अटलांटिक सिटी येथें रेडिओ-उत्पादकांची परिषद भरली होती. शिकागोचे पॉल गॅल्व्हिन यांनीं आपली स्टुडबेकर मोटार परिषदेच्या बाहेर उभी केली, तींत बसविलेला रेडिओ मोठ्यानें लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकविला. ‘मोटोरोला’ हें नांव त्याच यंत्राचें. किंमत ११० ते १३० डॉलर. आणि त्या वर्षीं फोर्डची साधी मोटार ५०० डॉलरांच्या आंत मिळे. परंतु किंमतीपेक्षांही तें यंत्र बसविणें हें खरें संकट होतें. व्हॉल्व्हना लागणारा विजेचा उंच दाब मोटारीच्या सहा व्होल्टांच्या बॅटरीपासून मिळत नसे. म्हणून पायांखालच्या फळ्या उचकटून तेथें निराळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. एरियलची तार छताच्या अस्तरांत ओवावी लागे, लाउडस्पीकर गुडघ्यांपाशीं टांगावा लागे. इतका खटाटोप करून गाणें लागावें, तों इंजिनाच्या ठिणग्यांची कडकड त्यांत मिसळे! ती दबविण्यासाठीं स्पार्क प्लगांना रोधक जोडीत. पुढील दोनतीन वर्षांत ‘व्हायब्रेटर’ प्रचारांत आला. त्यांतील थरथरणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह तोडतोडून ट्रान्सफॉर्मरला देई व दाब वाढवी. पायांखालच्या बॅटऱ्या गेल्या. जागेच्या भांडणांत कारागिराचा हा पहिला विजय.

हे सारे लाड मात्र सुखवस्तु लोकांच्या मोटारींचे. पिकअप ही कष्टकऱ्याची गाडी. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या टी मॉडेलच्या मागें पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांना विकावयास काढली. तिच्या मालकाला गाण्यापेक्षां गवताच्या भाऱ्यांची चिंता अधिक. शेवरोलेटच्या पिकअपच्या डॅशबोर्डांत रेडिओला हक्काची जागा मिळण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. आणि पाठीमागची जागा? १९४९ पासून १९७२ पर्यंत शेवरोलेटच्या पिकअपमध्यें पेट्रोलची टांकी बाकाच्या पाठीशीं, केबिनच्या आंतच असे. फोर्डमध्येंही कित्येक वर्षें तीच रीत होती. पुढें जेथें लाउडस्पीकरची पेटी ठेवूं लागले, तेथें त्या काळीं पेट्रोल हिंदकळत होतें. अशा ठिकाणीं भोंक पाडण्यापूर्वीं शहाण्या कारागिरानें दहादां विचार केला असेल.

१९५५ सालीं क्रायस्लर व फिल्को यांनीं सर्वस्वी ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ काढला, आणि व्हॉल्व्हबरोबर त्यांची उष्णता व अडगळहि गेली. १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट निघाली. १९६५ सालीं फोर्डनें आठपदरी फितीचें यंत्र मोटारींतून देऊं केलें. त्याच सुमारास जपानच्या लहान पिकअप अमेरिकेंत रुळूं लागल्या होत्या. १९७३ च्या तेलटंचाईनें त्यांचा भाव आणखी वाढला. कालांतरानें रेडिओच्या खांचणीचें मापही ठरून गेलें: १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच. १९७७ सालीं डॅटसननें ‘किंग कॅब’ काढून बाकामागें थोडी अधिक जागा दिली. दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं तर १९८० नंतरच्या दशकांत हौद्यांतच लाउडस्पीकर रचले. केबिनमधील माणसाचें दुखणें त्यानें थोडेंच बरें होणार? गाणें शेजाऱ्यांनाच अधिक ऐकूं येई.

खरी अडचण खर्जाची होती. खर्जाचा स्वर काढावयाचा, तर पुष्कळ हवा हालवावी लागते. लाउडस्पीकर लहानशा पेटींत कोंडला, तर आंतील हवा ताठ स्प्रिंगप्रमाणें त्याला अडविते आणि खालचे स्वर दबतात. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं व रिचर्ड स्मॉल यांनीं १९७२ च्या सुमारास पेटीचें आकारमान गणितानें ठरविण्याची रीत सिद्ध केली. तेव्हांपासून अंदाजाचा कारभार संपला. बाकामागच्या वीतभर फटींत मावणारी चपटी पेटी करावयाची, तर कोणता लाउडस्पीकर चालेल हें आधीं कागदावर काढतां येऊं लागलें.

आणि येथें निसर्गानें एक गंमत केली आहे. सेकंदाला ५० कंपनें करणाऱ्या स्वराची लहर सुमारें ७ मीटर लांब असते, आणि केबिन दीड मीटरहि रुंद नसते. एवढी लहर आंत मावत नाहीं, म्हणून खर्ज तेथें उमटणारच नाहीं, असें पुष्कळांस वाटे. घडतें तें उलट. लाउडस्पीकर तेथें पंपासारखा वागतो. साऱ्या खोलींतील हवा एकदम दाबली जाते व एकदम सैल पडते. स्वर जसजसा खालीं जावा, तसतसें केबिनचें हें साहाय्य वाढत जातें. मोठ्या दिवाणखान्याला हें भाग्य नाहीं. पत्र्याच्या थरथराटांत व फटींतून कांहीं भाग वायां जातो हें खरें, पण पुष्कळसा उरतो. ज्या अरुंदपणाला कारागीर इतकीं वर्षें शिव्या देत होता, तोच त्याचा भागीदार निघाला!

दारांचें प्रकरण निराळें. दारांत लाउडस्पीकर बसवितांना कांच खालीं येते कोठें तें आधीं पाहावें लागतें. नाहींतर पहिल्याच पावसांत कांच चढविण्याची पंचाईत. शिवाय चालक एका दारापाशीं बसणार, तेव्हां त्या बाजूचा आवाज त्याला आधीं पोंचतो. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जाण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो; म्हणून हल्लींचीं अंकीय यंत्रें जवळच्या लाउडस्पीकरला तेवढ्या हिशेबानें थांबवून ठेवतात. तारेची गोष्टहि हलगर्जीची नव्हे. बारा व्होल्टांवर २४० वॅटचा ध्वनिवर्धक २० अँपिअर ओढतो. बारीक तारेंत तो प्रवाह सोडला व बॅटरीजवळ फ्यूज बसविला नाहीं, तर तार कोठें पत्र्याला घांसतांच आग.

अनेक लहान पिकअपमध्यें चाक उचलण्याचा जॅकही बाकामागेंच असे. नवी पेटी आली कीं तो घरीं राहावयाचा, आणि टायर फुटावयाचें तें गांवापासून दूर, रात्रीच्या वेळीं. म्हणून जाणता सुतार पेटीचा एक कोपरा तिरका कापून तेथें जॅकपुरती जागा राखतो, आणि गेलेल्या घनफळाचा हिशेब दुसऱ्या टोंकाला भरून काढतो.