बाणाची पिसं

धडगावकडच्या आमच्या पाड्यांवर कुडाला तीरकामठा टांगलेला असतोच. कामठं बांबूचं, त्याची दोरीही बांबूच्याच चिपेची. बाणाची बरूची काडी वर्षानुवर्षं टिकते, पिसं मात्र पावसाळ्यात भिजून, किडून झडतात.

मग आजा बसायचा. जुना दोरा कापायचा, वाळलेला डिंक कोमट पाण्यानं मऊ करून हलक्या हातानं खरवडायचा. काडीवर ओरखडा नको. "एकाच बाजूच्या पंखाची पिसं घे रे, डावं-उजवं मिसळलं की बाण भरकटतो," म्हणायचा. पीस मधोमध चिरून चिकटवायचं, वरून दोऱ्याचे घट्ट वेढे.

इतिहासात या बाणाची नोंद लढाईपुरतीच. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांच्याच हाती बंदूक दिली. तरी १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढलेच.

त्यापुढचा इतिहास पिसांत वाचावा लागतो. आज्याच्या बाणाला गिधाडाचं पीस असे. मेल्या ढोराजवळ पडलेलं सापडायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा बसला, बाण तरी कुडाला राहिला. पण नव्वदीनंतर गिधाडंच संपली. ढोरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं. २००६ साली ढोरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

आता आम्ही कोंबड्याचं पीस लावतो. काडी आज्याच्याच हातची आहे, जुन्या वेढ्यांच्या खुणा अजून दिसतात. पोरं विचारतात, गिधाड केवढं असतं? मी दोन्ही हात पसरतो. तेही कमीच पडतात.