फ्लॅश : धावता नायक आणि थांबलेले पान

'शोकेस' या अमेरिकी चित्रकथा-मालिकेचा चौथा अंक १९५६ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरची तारीख घेऊन बाजारात आला. त्याच्या मुखपृष्ठावर चित्रपटाची एक फीत उलगडलेली आहे. फितीच्या चौकटींत लाल पोशाखातला एक माणूस धावतो आहे, आणि अखेरीस ती फीत फाडून तो थेट वाचकाच्या दिशेने झेपावतो आहे. कार्माइन इन्फँटिनो आणि जो क्यूबर्ट यांनी चितारलेल्या या मुखपृष्ठाचा दावा सरळ आहे : हा नायक इतका वेगवान आहे की सिनेमाच्या फितीतही तो मावत नाही. या दाव्याचे पुढे सिनेमाने काय केले आणि संग्राहकांनी काय केले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी पोरखेळाचा वाटेल. परंतु स्थिर माध्यमात गती कशी पकडावी, आणि वाचण्यासाठी जन्मलेली वस्तू केवळ जपण्याची वस्तू झाली की तिच्यातील संहितेचे काय होते, हे दोन्ही प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके नाहीत.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करायला हवा. आमच्या आधीच्या पिढीतील मराठी वाचकाला 'फ्लॅश' म्हटले की इंद्रजाल कॉमिक्समधला फ्लॅश गॉर्डन आठवतो. वेताळ आणि मँड्रेक यांच्या पंगतीला बसणारा तो अंतराळवीर ॲलेक्स रेमंड यांनी १९३४ साली निर्माण केला होता. येथे ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो फ्लॅश निराळा. तो जन्मला जानेवारी १९४० ची तारीख असलेल्या 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार हॅरी लॅम्पर्ट, किंमत १० सेंट. जे गॅरिक नावाचा महाविद्यालयीन विद्यार्थी प्रयोगशाळेत दुष्फेन पाण्याच्या वाफा हुंगतो आणि अचाट वेगाने धावू लागतो. रसायनशास्त्राला हे मान्य होण्यासारखे नाही. कथेला मात्र तेवढे निमित्त पुरले. त्याच्या डोक्यावर पंख लावलेले शिरस्त्राण आहे. ते ग्रीक देवदूत हर्मीसकडून, म्हणजेच रोमनांच्या मर्क्युरीकडून आले आहे, हे उघड आहे.

पुराणकथेला वेग दाखवावा लागत नाही. तिला तो सांगून भागतो. आपल्याकडे मारुतीचा वेग मनाच्या वेगासारखा म्हटला की श्रोत्याचे समाधान होते, कारण उपमाच तेथे प्रमाण असते. चित्रकाराला ही सोय नाही. जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ साली 'लाओकून' या ग्रंथात हा पेच नेमका मांडला होता. काव्य एकामागून एक येणाऱ्या क्षणांत चालते, तर चित्र एकाच क्षणात, एकाच अवकाशात उभे असते; त्यामुळे क्रिया हा काव्याचा विषय आणि देह हा चित्राचा, असे त्याचे म्हणणे. चित्रकथा ही या दोहोंच्या सीमेवरची कला आहे. तिच्यातील प्रत्येक चौकट स्थिर असते. काळ वाहतो तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत, आणि तो वाहवतो वाचक. ज्याची एकमेव शक्ती वेग हीच आहे असा नायक अशा माध्यमात उभा करणे म्हणजे माध्यमाच्या मर्मावरच बोट ठेवणे होय. सुपरमॅनची ताकद दाखवायला त्याच्या हाती मोटार उचलून दिली की झाले. फ्लॅशचा वेग दाखवायला अशी एखादी वस्तू हाताशी नसते.

इन्फँटिनो यांनी काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. एकाच चौकटीत ते नायकाची आकृती अनेकदा काढतात : मागच्या आकृत्या पुसट, पुढची ठळक, आणि त्यांना जोडणाऱ्या लाल-पिवळ्या रेषा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे याने १८८० च्या दशकात एकाच काचेवर धावत्या माणसाच्या अनेक अवस्था टिपल्या होत्या, त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. इन्फँटिनोंच्या चौकटी बहुधा आडव्या आणि लांबट असतात. मागे क्षितिजाला टेकलेली शहराची बारीक रेघ असते आणि मध्ये मोकळी जमीन. ही मोकळी जमीनच वेगाचे माप होते. वाचकाची नजर डावीकडून उजवीकडे सरकते आणि तिच्याबरोबर नायक सरकतो. धावतो तो नायक नव्हे, धावते ती आपली नजर. पान जागचे हलत नाही.

१९५६ चा हा फ्लॅश जे गॅरिक नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अद्भुत नायकांची लाट ओसरली आणि 'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ साली १०४ व्या अंकावर थांबले. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी चित्रकथा मुलांना बिघडवतात असा हल्ला चढवला आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. या पडत्या काळात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी नाव तेवढे जुने ठेवून नायक नवा घडवला. रॉबर्ट कॅनिगर यांनी लिहिलेल्या कथेतला बॅरी ॲलन हा पोलीस खात्यातील वैज्ञानिक आहे. प्रयोगशाळेत वीज कोसळते, रसायने त्याच्या अंगावर सांडतात आणि त्याला वेग प्राप्त होतो. आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची गोष्ट. वीज पडण्यापूर्वी बॅरी जुन्या 'फ्लॅश कॉमिक्स'चा एक अंक वाचत बसलेला असतो. जे गॅरिक त्याच्या लेखी काल्पनिक पात्र आहे, आणि पुढे स्वतःला वेग मिळाल्यावर तो त्या पात्राचेच नाव उचलतो. अमेरिकी चित्रकथांचे ज्याला रौप्ययुग म्हणतात ते असे एका वाचकापासून सुरू झाले. एक जुना अंक कुणीतरी जपला होता आणि तो उघडून वाचला, म्हणून नवा नायक जन्मला.

सप्टेंबर १९६१ च्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी यावर आणखी एक मजला चढवला. बॅरी दुसऱ्या एका पृथ्वीवर पोहोचतो आणि तेथे त्याला जे गॅरिक हाडामांसाचा भेटतो. बॅरीच्या पृथ्वीवर ज्याने त्या कथा लिहिल्या तो फॉक्स नावाचा लेखक स्वप्नात त्या दुसऱ्या जगाशी जोडला जात असे, असा खुलासाही कथेत येतो. लेखकाने स्वतःलाच कथेत ओवण्याची ही क्लृप्ती पाहून आधुनिकोत्तर कथनाच्या अभ्यासकांनी कान टवकारावेत. पण तिचा व्यावहारिक परिणाम अधिक मोठा झाला : रद्दीत गेलेले जुने अंक एकाएकी अर्थपूर्ण ठरले. नवी कथा पूर्ण समजायची तर जुनी हाताशी हवी. त्याच १९६१ साली जेरी बेल्स आणि रॉय थॉमस यांनी 'आल्टर ईगो' हे रसिकांचे नियतकालिक सुरू केले. जुन्या नायकांचे पुनरागमन हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. संग्राहकांची चळवळ या टप्प्यावर वाचकांचीच चळवळ होती. अंक शोधायचे, याद्या करायच्या, आणि मुख्य म्हणजे वाचायचे.

पडद्यावर हा नायक उशिराच रुजला. १९९० साली सीबीएस वाहिनीवर जॉन वेस्ली शिप यांची मालिका आली आणि २२ भागांत, एका हंगामातच आटोपली. तेथे वेग म्हणजे पडद्यावरून सरकणारा लाल प्रकाशाचा पट्टा. ही इन्फँटिनोंच्या रेषांची भाषांतरित आवृत्ती होती, आणि भाषांतरात जे गळते ते येथेही गळले : पट्टा दिसतो, माणूस दिसत नाही. सिनेमा हे गतीचेच माध्यम. मग त्याला वेग का जमू नये? कारण सेकंदाला २४ चौकटी दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा जो वेगाने धावतो तो त्या यंत्राच्या तावडीतून निसटतोच. मुखपृष्ठावरचा दावा असा खरा ठरला.

उत्तर सापडले ते उलट दिशेने : नायकाला धावू द्यायचे आणि उरलेले जग थांबवायचे. २०१४ सालच्या 'एक्स-मेन : डेज ऑफ फ्यूचर पास्ट' या चित्रपटात क्विकसिल्व्हर हे मार्व्हलचे वेगवान पात्र स्वयंपाकघरातल्या झटापटीत हवेत तरंगणाऱ्या गोळ्यांमधून रमतगमत फिरते, तो प्रसंग विलक्षण गाजला. परंतु ही युक्ती सिनेमाची नव्हे. १९५६ च्या त्याच कथेत उपाहारगृहातील सेविकेच्या हातून तबक निसटते, पडणारे पदार्थ बॅरीला हवेत थबकलेले दिसतात आणि तो ते सारे झेलून पुन्हा तबकात ठेवतो. चित्रकथेला हे फुकट जमले, कारण तिच्यात सारेच थबकलेले असते. सिनेमाला त्यासाठी अतिवेगवान कॅमेरे आणि संगणक लागले. एझ्रा मिलर यांनी साकारलेला फ्लॅश 'जस्टिस लीग'च्या २०२१ साली आलेल्या झॅक स्नायडर-आवृत्तीत मोटार-अपघाताच्या वेळी तरंगणाऱ्या वस्तूंमधून वाट काढतो, तेव्हा सिनेमा पुन्हा पानाकडेच परतलेला असतो. दरम्यान ग्रँट गस्टिन यांची मालिका २०१४ ते २०२३ अशी नऊ हंगाम चालली. तिने वेगापेक्षा कुटुंबाच्या भावकथेवर भर दिला आणि दीर्घायुष्य मिळवले.

अँडी मुशिएटी दिग्दर्शित 'द फ्लॅश' हा स्वतंत्र चित्रपट घोषणेनंतर जवळपास नऊ वर्षांनी, जून २०२३ मध्ये पडद्यावर आला. २०११ च्या 'फ्लॅशपॉइंट' या चित्रकथेचा आधार घेणाऱ्या त्याच्या कथानकात खरे दुःख आहे. बॅरी काळाच्या मागे धावतो तो आईचा खून टाळण्यासाठी. त्यासाठी तो तिच्या सामानाच्या गाडीत टोमॅटोचा एक डबा ठेवतो आणि त्यामुळे सारे विश्व विस्कटते. अखेरीस तो डबा त्याला आपल्याच हाताने काढून घ्यावा लागतो. सर्वांत वेगवान माणसालाही गेलेला क्षण धरता येत नाही, ही जाणीव त्या एका कृतीत आहे. परंतु चित्रपटाला तेवढ्यावर थांबवत नाही. बॅरीभोवती काळ एखाद्या वर्तुळाकार रंगमंडपासारखा उभा राहतो आणि त्यात जुने नायक संगणकाने घडवून मांडले जातात. १९५९ साली वारलेले जॉर्ज रीव्ह्ज, २००४ साली गेलेले ख्रिस्तोफर रीव्ह, शिवाय कधीच पूर्ण न झालेल्या चित्रपटातील निकोलस केज यांचा सुपरमॅन. मायकेल कीटन यांचा १९८९ चा बॅटमॅन तर कथेतच परततो. हे कथन नव्हे, हे काचेचे कपाट आहे. प्रेक्षकाने पाहायचे नसते, ओळखायचे असते. सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २७ कोटी मिळवले. प्रसिद्धीचा खर्च आणि चित्रपटगृहांचा वाटा जमेस धरता तो तोट्यात गेला. प्रमुख नटाभोवतीचे वाद हे एक कारण खरेच. पण ओळख पटल्याच्या आनंदावर संपूर्ण कथा तोलता येत नाही, हेही एक कारण असावे असे आम्हांला वाटते.

या टप्प्यावर सिनेमा संग्राहकासारखा वागू लागला. मग संग्राहक कसा वागू लागला? १९४० चे अंक दुर्मीळ असण्याची कारणे साधी आहेत. कागद निकृष्ट, आम्लामुळे पिवळा पडून तुटणारा. शिवाय युद्धकाळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य प्रती गेल्या. त्यामुळे १९७७ साली कोलोरॅडो राज्यात एडगर चर्च यांचा हजारो अंकांचा सुस्थितीतला संग्रह हाती आला, तेव्हा तो दंतकथाच झाला. १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-मार्गदर्शिका निघू लागली आणि २००० साली सीजीसी ही प्रतवारी करणारी संस्था आली. ती अंकाला दहापैकी गुण देते आणि तो कठीण प्लास्टिकच्या कवचात बंद करते. कवच फोडले की गुण बाद. फसवणूक टळली, कागदाचे आयुष्य वाढले. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. पुनर्मुद्रणे उपलब्ध असल्याने कथाही हरवत नाही, असेही म्हणता येईल. पण कवचातल्या अंकाचे दिसते ते केवळ मुखपृष्ठ आणि पाठ. बाजार ज्याला मोल देतो ते 'प्रथम दर्शन' आतल्या ज्या पानांवर घडते, ती पाने कुणालाच दिसत नाहीत. १९८५ साली बॅरीचा मृत्यू, त्याच्या जागी वॉली वेस्ट, पुढे बॅरीचे पुनरागमन : कथेतले हे प्रत्येक वळण बाजाराच्या वहीत एका 'महत्त्वाच्या अंका'ची नोंद होऊन बसते, आणि चित्रपटाची नुसती घोषणा झाली तरी अशा अंकांची मागणी वाढते.

आम्ही हे तुच्छतेने लिहीत नाही. जुन्या मराठी मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे वजनावर रद्दीत जाताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जपणाऱ्या माणसाविषयी कृतज्ञताच वाटेल. कुणीतरी वेड्यासारखे जपल्याखेरीज कोणत्याही वाङ्मयाचा इतिहास लिहिता येत नाही. प्रश्न जपण्याचा नाही, जपल्यानंतरचा आहे. वेगाची ही कथा पानावर उभी राहिली ती वाचकाच्या सरकत्या नजरेमुळे. दोन चौकटींमधला काळ चालवणारा तोच होता. ती नजर काढून घेतली की उरतो तो रंगवलेला कागद, कितीही पांढरा आणि कितीही गुणांचा असो.

म्हणून १९५६ च्या त्या कथेकडे पुन्हा पाहावेसे वाटते. बॅरी ॲलनच्या हातातला जुना अंक कवचात बंद असता, तर वीज पडली असती, वेगही आला असता. पण त्या वेगाला द्यायला त्याच्यापाशी नाव नसते.