कोल्हापुरातील नादारी आणि दाद मागण्याचे स्थान

कर्जबाजारी मनुष्यास कायद्याचा आश्रय मिळतो की नाही, हे कर्जाच्या रकमेइतकेच अर्ज कोठे व केव्हा दाखल होतो, यावर अवलंबून असते. कोल्हापूरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यास नादारीची वाट खुली केली. ब्रिटिश मुलखाबाहेरील करवीर संस्थानास तो आपोआप लागू नव्हता.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा येथे आला. किमान ५०० रुपये कर्ज असलेल्या ऋणकोने धनकोंची नावे, देणी व मालमत्ता नमूद करून अर्ज करावयाचा, अशी त्याची रीत. परंतु नादार ठरणे हा शेवट नव्हे. न्यायालयाने ठरविलेल्या मुदतीत ऋणमुक्तीचा अर्ज न केल्यास नादारीचा आदेशच रद्द होतो. म्हणजे एका चुकलेल्या तारखेने मिळालेले संरक्षण जाते.

२०१६ च्या संहितेने कंपन्यांसाठी निराळी वाट आखली. कोल्हापूरच्या कंपनीचे प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे जाते. २४ मार्च २०२० रोजी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी रुपये झाल्याने लहान पुरवठादार धनकोस ते दारही बंद झाले. १९२० चा कायदा रद्द करणारे कलम मात्र संहितेबरोबर अमलात आले नाही. सामान्य व्यक्तीस जुनाच आधार उरला.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. व्यक्तीचे अपील त्यामुळे घराजवळ आले. कंपनीच्या धनकोचा मुंबईचा प्रवास मात्र टळला नाही.