देहरादूनच्या तीन ओळी

१० डिसेंबर १९३२ रोजी देहरादूनला हिंदुस्थानचे सरसेनापती सर फिलिप चेटवूड यांनी एक भाषण केले. त्यातली तीन वाक्ये टिकली. इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या ज्या सभागृहाला पुढे त्यांचे नाव दिले गेले, तिथे ती लाकडावर कोरलेली आहेत आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ती तोंडपाठ असतात. आशय असा: देशाची सुरक्षितता, मान आणि भले सर्वांत आधी, नेहमी आणि दर वेळी. त्यानंतर तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, भले आणि सोय. तुमचा स्वतःचा आराम, सोय आणि सुरक्षितता सर्वांत शेवटी, नेहमी आणि दर वेळी.

चेटवूड त्या दिवशी ‘देश’ म्हणाले, पण कोणाचा? समोर बसलेली मुले हिंदी, राज्य बादशहाचे. मुळात ही अकादमी साहेबांनी हौसेने काढलेली नव्हती. त्याआधी फौजेत हिंदी माणसाची धाव सुभेदार-मेजरपर्यंत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात वर्षाकाठी दहा जागा मिळाल्या, पण १९२३ मध्ये ठरले की या हिंदी अधिकाऱ्यांना निवडक आठ पलटणींतच घ्यायचे, म्हणजे गोऱ्याला काळ्याच्या हाताखाली राबायची वेळ यायला नको. त्या आठांत मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी पलटणही होती. पुढे हिंदी अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर स्कीन समिती झाली (तिच्यावर जीना होते, काही काळ मोतीलाल नेहरूही होते), मग गोलमेज परिषद, आणि शेवटी १९३१ मध्ये चेटवूड यांच्याच अध्यक्षतेखाली या अकादमीची योजना आखणारी समिती. रेल्वे स्टाफ कॉलेजच्या मोकळ्या झालेल्या आवारात १ ऑक्टोबर १९३२ला चाळीस मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. म्हणजे चेटवूड बोलले तो उद्घाटनाचा सोहळा झाला तेव्हा मुलांची कवायत सुरू होऊन दोन महिने उलटले होते.

चेटवूड यांना हा क्रम कुठून सुचला असेल? ते मूळचे घोडदळातले. एकोणिसाव्या हुसार्सचे अधिकारी, १९१४ मध्ये फ्रान्समध्ये घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख. मुक्कामावर पोचल्यावर आधी घोड्याचे दाणापाणी, मग स्वाराचे जेवण आणि सगळ्यांत शेवटी साहेबाचे, हा घोडदळाचा जुना रिवाज. घोडा उपाशी राहिला तर दुसऱ्या दिवशी स्वार पायी आणि लढाई हातची गेली, इतका तो रोकडा होता. देहरादूनच्या पायऱ्या मला याच रिवाजाच्या वाटतात, फक्त घोड्याच्या जागी देश आला. हा माझा तर्क. पण तीन वाक्यांत त्यागाची भाषा कमी आणि पाळीची जास्त आहे, हे कोणालाही दिसेल.

पहिल्या पायरीने पुढे भलतेच वळण घेतले. त्या पहिल्याच तुकडीतले तिघे तीन देशांचे सेनाप्रमुख झाले: सॅम माणेकशॉ भारताचे, महंमद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे. १९६५च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराची सूत्रे मुसांकडे होती. स्मिथ डन जातीने करेन. १९४९ मध्ये करेनांचे बंड पेटले तेव्हा त्यांना सरसेनापतिपद सोडावे लागले. ‘देश आधी’ हे पाठ करणे सोपे. कोणता देश, हे ठरवायची पाळी ज्यांच्यावर आली त्यांना चेटवूड यांच्या भाषणात उत्तर नव्हते.

मला मात्र मधले वाक्य जास्त गुंतवते. लोक पहिले वाक्य छाती फुगवून म्हणतात, तिसरे डोळे मिटून. मधले घाईने उरकतात. मूळ इंग्रजीतही ‘नेहमी आणि दर वेळी’ हा ठेका पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याला आहे, दुसऱ्याला नाही. आणखी एक गोष्ट. पहिल्यात देशाची सुरक्षितता आहे, तिसऱ्यात अधिकाऱ्याची. जवानाच्या वाट्याला मान, भले आणि सोय आली. सुरक्षितता त्या यादीत नाहीच. सैन्यात ते वचन कोणी देऊ शकत नाही, आणि चेटवूड यांनी खोटे दिले नाही याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते.

राहिली सोय, आणि ती फार कंटाळवाणी असते. लंगरातल्या डाळीची चव घेणे, मोठ्या चालीनंतर पायांचे फोड बघणे, कोणाची रजा अडली आणि कोणाच्या घरी पैसे पोचले नाहीत याची चौकशी. बड्या खान्याच्या दिवशी अधिकारी जवानांच्या पंगतीत वाढायला उभे राहतात. त्याचे फोटो छान येतात. रजेच्या अर्जाचा फोटो कोणी काढत नाही.

जिवाचा प्रश्न आला की ही पाळी कशी चालते, त्याचा दाखला १९४१चा आहे. प्रेमिंद्रसिंग भगत हे याच अकादमीतून १९३९ मध्ये बाहेर पडलेले सेकंड लेफ्टनंट, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. त्या जानेवारीच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत मेटेम्मा पडले आणि इटालियन फौज सुरुंग पेरत मागे सरली. पाठलागावर निघालेल्या तुकडीच्या अगदी पुढच्या गाडीत भगत बसले. चार दिवसांत पंचावन्न मैल आणि पंधरा सुरुंगक्षेत्रे, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दोनदा त्यांची गाडी उडाली आणि सोबतची माणसे जायबंदी झाली किंवा मेली. एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका कानाचा पडदा फाटला. वरिष्ठांनी बदली माणूस द्यायची तयारी दाखवली. भगतांनी नाही म्हटले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रकात त्यांचे कारण नोंदलेले आहे, आणि त्यात देश नाही, शौर्य नाही, त्यागही नाही: एवढे सुरुंग काढून झाल्यावर हे काम शेवटाला न्यायला आता आपणच जास्त लायक आहोत, असे त्यांचे म्हणणे होते.