लोहाराचा पोरगा सेनापती कसा झाला? चंगेज खान, मंगोलियाची थंडी आणि जन्माची उतरंड

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर आलेला एक संदेश वाचून दाखवला. त्यात भारतावर चालून आलेल्या 'मुस्लीम आक्रमकां'ची यादी होती आणि त्या यादीत चंगेज खानाचेही नाव होते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांना त्यात काही चुकले आहे असे वाटलेच नाही. नावात 'खान' आहे, म्हणजे मुसलमान. एवढे गणित पुरेसे होते!

म्हणून आधी हे गणित दुरुस्त करून घेऊ. 'खान' ही मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांची जुनी पदवी आहे. तिचा अर्थ राजा, सरदार. चंगेज खान इस्लामचा अनुयायी नव्हता. तो 'तेंगरी'ला, म्हणजे अनंत निळ्या आकाशाला मानणारा होता. उलट त्याच्या घोड्यांखाली सर्वांत जास्त चिरडली गेली ती मुस्लीम राज्येच. बुखारा, समरकंद, मर्व्ह, निशापूर ही त्या काळची भरभराटलेली मुस्लीम शहरे त्याच्या फौजांनी लुटली, जाळली. १२५८ साली बगदादच्या खलिफाची सत्ता संपवली ती त्याच्याच नातवाने, हुलागूने. तेव्हा त्याला 'मुस्लीम आक्रमक' म्हणणे म्हणजे खून झालेल्यालाच खुनी ठरवणे आहे.

पण एवढी दुरुस्ती करून थांबायचे असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. या क्रूरकर्म्याच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे, जी जन्माच्या उतरंडीखाली पिढ्यान्पिढ्या दबलेल्या आपल्या समाजाने नीट समजून घेतली पाहिजे. आणि दुसरी एक गोष्ट अशी आहे, जिच्यापासून आपण सावध राहिले पाहिजे.

जिथे थंडी कळपच्या कळप मारते

मंगोलिया हा देश समुद्रापासून खूप दूर, उंच पठारावर वसलेला आहे. त्याची राजधानी उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी मानली जाते. हिवाळ्यात तिथे रात्रीचे तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरते. त्याच देशाच्या दक्षिणेला गोबीचे वाळवंट आहे, तिथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. एकाच देशात ८० अंशांचा फरक! शेतीला अशा ठिकाणी फार वाव नाही. माणूस जगतो तो गवतावर वाढणाऱ्या मेंढ्या, घोडे, उंट, याक यांच्या जिवावर.

तिथल्या माणसाला सर्वांत जास्त भीती वाटते ती 'झूद'ची. आपल्याकडे जसा दुष्काळ, तसा त्यांच्याकडे झूद. उन्हाळ्यात पाऊस कमी पडतो, गवत खुरटते, जनावरे रोडावतात. मग हिवाळा येतो, बर्फ पडतो, थोडा वितळतो आणि पुन्हा गोठून गवतावर काचेसारखा थर धरतो. मेंढीला तो फोडता येत नाही. डोळ्यांसमोर गवत असून जनावर उपाशी मरते. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियात सुमारे ८० लाख जनावरे अशी मेली. एका हिवाळ्यात खात्यापित्या घराच्या हाती काही उरत नाही. आजच्या काळात ही गत, तर आठशे वर्षांपूर्वी काय असेल?

२०१४ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी मंगोलियातल्या फार जुन्या झाडांच्या खोडांतील वर्तुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओल चांगली असेल त्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरडे वर्ष असेल तर अरुंद. या वर्तुळांतून दिसले ते असे : ११८० च्या दशकात तिथे मोठा दुष्काळ होता आणि १२११ ते १२२५ ही सलग पंधरा वर्षे कधी नव्हे इतकी ओलीची गेली. ओल म्हणजे गवत, गवत म्हणजे घोडे. मंगोल स्वार मोहिमेवर निघताना एक नाही, अनेक घोडे बरोबर घेत असे. म्हणजे चंगेज खानाच्या साम्राज्याचे इंधन गवत होते, असे म्हणायला हरकत नाही.

इथे काही जण लगेच टाळी देतील, "बघा, सगळे निसर्गच ठरवतो!" थांबा. चंगेज खानाने सगळ्या टोळ्या एकत्र आणल्या त्या १२०६ साली. ओलीची वर्षे सुरू झाली त्यानंतर पाच वर्षांनी. आणि पाऊस काही एकट्या त्याच्या कुरणावर पडला नव्हता. तीच थंडी, तेच गवत, तेच घोडे शेकडो वर्षे सगळ्याच टोळ्यांकडे होते, आणि त्या एकमेकींचे गळे कापत होत्या. निसर्ग बदलण्याआधी तिथे समाजाची रचना बदलली होती. ती कशी बदलली, हाच खरा प्रश्न आहे.

वाळीत टाकलेले घर

चंगेज खानाचे मूळ नाव तेमुजिन. जन्म साधारण ११६२ चा, ओनोन नदीच्या परिसरातला. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाला, येसुगेईला, शत्रू तातारांनी विष घालून मारले. बाप गेल्यावर सोबतच्या तायचिउद या भाऊबंदांनी विधवा होएलुनला आणि तिच्या लहान मुलांना तळावर सोडून दिले आणि जनावरे हाकून निघून गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर घर वाळीत टाकले. उणे ४० अंशांच्या मुलखात वाळीत टाकणे म्हणजे मरणाची शिक्षाच.

होएलुन खचली नाही. रानकांदे, कंदमुळे, रानफळे गोळा करून तिने पोरे जगवली. जगातल्या सर्वांत भयंकर विजेत्याच्या मागे एका परित्यक्त बाईचे कष्ट आहेत, हे इतिहास सांगताना सोयीस्करपणे विसरले जाते. याच उपासमारीत तेमुजिनने आपल्या सावत्र भावाचा, बेख्तेरचा, खून केला. निमित्त होते पकडलेला मासा आणि पाखरू हिसकावल्याचे. होएलुनने त्याबद्दल त्याला फाडून खाल्ले. क्रौर्य त्याच्यात लहानपणापासून होते, हे आम्ही लपवणार नाही.

पुढे त्याच भाऊबंदांनी त्याला पकडले आणि गळ्यात लाकडी खोडा अडकवला. एके रात्री त्याच खोड्याने पहारेकऱ्याला पाडून तो पळाला आणि नदीच्या पाण्यात लपून राहिला. त्याला पाहिले सोर्खान-शिरा नावाच्या माणसाने. हा तायचिउदांचा चाकर. त्याने ओरडा केला नाही. त्याने आणि त्याच्या मुलांनी तेमुजिनला लोकरीने भरलेल्या गाडीत दडवले आणि घोडा देऊन वाटेला लावले. रक्ताच्या नात्याने मारायला काढले, चाकराच्या घराने वाचवले. तेमुजिन हे आयुष्यभर विसरला नाही.

१२०६ : कुळे मोडली, माणसे जोडली

त्या काळच्या गवताळ प्रदेशात उच्च कुळे होती, हलकी कुळे होती, पिढीजात चाकरी करणारी कुळे होती. सरदार व्हायचे तर सरदाराच्या पोटी जन्म हवा. १२०६ साली ओनोनच्या उगमाजवळ सर्व टोळ्यांची सभा भरली. तिला 'कुरुलताई' म्हणतात. तिथे तेमुजिन 'चंगेज खान' झाला. आणि त्याने केले काय? लोकांची दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशी विभागणी केली. हजारांच्या ९५ तुकड्या उभ्या केल्या. बहुतेक तुकड्यांत निरनिराळ्या टोळ्यांची माणसे मुद्दाम मिसळली. पिढ्यान्पिढ्या एकमेकांचे वैरी असलेले आता एकाच पंगतीत, एकाच नायकाखाली. शत्रू टोळ्यांची जुनी ओळखच त्याने पुसून टाकली.

आणि नायक कोण?

जेल्मे आणि सुबुताई हे दोघे भाऊ उरियांखाई कुळातले. बाप लोहार. पाठीवर भाता घेऊन तो आला आणि जेल्मेला 'घोड्याला खोगीर घालायला, दार उघडायला' म्हणून तेमुजिनकडे देऊन गेला. म्हणजे जन्माने त्याची जागा दाराशी ठरलेली. त्या घरातला सुबुताई पुढे जगाच्या इतिहासातल्या मोठ्या सेनापतींत गणला गेला. १२४१ साली हंगेरीच्या राजाची फौज मोही येथे उद्ध्वस्त झाली, ती त्याच्या डावपेचांनी.

जेबे हा तर शत्रूचा तिरंदाज. लढाईत त्याच्या बाणाने तेमुजिनचा घोडा पडला. पकडल्यावर त्याने "होय, तो बाण माझाच" असे तोंडावर सांगितले. तेमुजिनने त्याला मारले नाही, तर बाणाच्या अर्थाचे नाव देऊन सेनापती केले.

बदाई आणि किशिलिक हे दोघे घोडे राखणारे. १२०३ साली तेमुजिनला मारण्याचा कट त्यांच्या कानावर पडला आणि रातोरात येऊन त्यांनी त्याला सावध केले. १२०६ च्या सभेत त्यांचा मोठा मान झाला.

आता आपल्याकडे बघा. आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिट मेले' म्हणून गळा काढणारे आपल्याला भेटतात. 'पाची बोटं सारखी नसतात' हे त्यांचे ठरलेले वाक्य. अहो, बोटे सारखी नसतात हे खरे, पण कुठले बोट अंगठा होणार हे बापाचा धंदा बघून कोणी ठरवत नाही! लोहाराच्या पोराच्या डोक्यात युरोप हरवणारा सेनापती आहे, हे त्याला संधी मिळाल्यावरच कळले. आपल्या देशात असे किती सुबुताई भात्यापुढे, चपलेपुढे, खराट्यामागे संपले याचा हिशेब कोणी ठेवला? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि चातुर्वर्ण्याने बहुसंख्य जनतेच्या हातातले शस्त्रच काढून घेतले. आणि शिवाजी महाराजांसारख्या कर्तृत्ववान राजालाही १६७४ साली राज्याभिषेकासाठी क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले, हे आपण कसे विसरावे? राज्य उभे केले ते पुरेसे नव्हते, वंशावळ हवी होती!

पण हा आपला नायक नाही

इथवर वाचून काही तरुण मित्रांना वाटेल, मग चंगेज खानाची जयंती का करू नये? मंगोलियातला आजचा सर्वांत मोठा धर्म बौद्धच, तेव्हा तो 'आपलाच' माणूस. असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे, घाई करू नका.

ख्वारझमच्या राज्यातील ओत्रार शहरात १२१८ साली मंगोलांच्या व्यापारी तांड्याची कत्तल झाली. त्याचा सूड म्हणून जे झाले त्याला इतिहासात तोड नाही. त्या काळच्या बखरकारांनी एकेका शहरातील मृतांचे आकडे दहा-दहा लाखांत दिले आहेत. ते फुगवलेले आहेत असे आजचे इतिहासकार मानतात. पण शहरे ओस पडली हे खोटे नाही. कारागीर निवडून गुलाम म्हणून नेले, बाकीच्यांना कापले. कैद्यांना पुढे हाकून पुढच्या शहराच्या तटाशी मरायला लावले. त्या कैद्यांतही लोहार होते, मेंढपाळ होते, त्यांनाही आया होत्या. आपल्या माणसांतली जन्माची उतरंड मोडणारा हा राजा बाहेरच्या माणसाला माणूसच मानत नव्हता.

बामियानच्या खोऱ्यात त्याचा लाडका नातू मारला गेला, म्हणून त्या खोऱ्यात त्याने जीव म्हणून ठेवला नाही. डोंगरात कोरलेल्या उंच बुद्धमूर्ती ते पाहत उभ्या होत्या. (त्या मूर्ती पुढे २००१ साली तालिबानने फोडल्या.) आणि त्याची शेवटची मोहीम कोणावर होती? तांगुतांच्या बौद्ध राज्यावर! १२२७ साली त्या मोहिमेतच तो मेला आणि त्याच वर्षी ते राज्य त्याच्या फौजेने नामशेष केले. आता सांगा, कुठला 'आपला' माणूस?

भारताच्या वेशीपर्यंत तो आला होता. १२२१ साली जलालुद्दीनचा पाठलाग करत तो सिंधूच्या काठावर पोहोचला. त्याच्या एका सरदाराने नंतर मुलतानला वेढा घातला, पण उकाडा सोसवेना म्हणून तो उठवला. उणे ४० अंशांत वाढलेली माणसे मुलतानच्या उन्हापुढे हरली. आपले पूर्वज वाचले त्यात त्या उन्हाचा वाटा मोठा होता.

जन्म मागच्या दाराने परत आला

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. चंगेज खानाने खालची उतरंड मोडली, पण सर्वांत वरची पायरी स्वतःच्या रक्तासाठी राखून ठेवली. त्याच्या वंशाला 'सोन्याचे कूळ' म्हणू लागले. सुबुताई कितीही मोठा झाला तरी खान होऊ शकत नव्हता. पुढे तैमूरने अर्धा आशिया जिंकला, पण तो त्या रक्ताचा नव्हता म्हणून खान म्हणवून घेऊ शकला नाही. चंगेजच्या वंशातला बाहुला गादीवर बसवून आणि त्या घराण्याची मुलगी करून 'जावई' या पदवीवर त्याने समाधान मानले. कझाक लोकांत तर चंगेजच्या वंशजांना 'पांढऱ्या हाडाचे' म्हणत. म्हणजे ज्याने कुळे मोडली, त्याचेच कूळ नवा वर्ण झाले! जन्माचे विष थोडेसे जरी शिल्लक ठेवले तरी ते पुन्हा साऱ्या अंगात भिनते, हा याचा धडा आहे.

उग्र राजा आपल्याकडेही होऊन गेला. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख हाकलली गेली, हे आकडे कोणा शत्रूने नव्हे, खुद्द अशोकाने शिळेवर कोरून ठेवले आणि त्याखाली आपला पश्चात्तापही कोरला. चंगेजच्या विजयांची यादी मोठी आहे, पण त्यात अशी एकही शिळा नाही.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता का मागितली, हे इथे उमगते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य वरवरच्या रंगापलीकडे जात नाहीत. चंगेजच्या फौजेत एक प्रकारची समता होती. ती लुटीच्या वाट्यापुरती होती. तिच्यात मैत्री नव्हती, करुणा नव्हती. म्हणूनच १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला तलवारीकडे नेले नाही, बुद्धाकडे नेले.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी मोबाईलवर चंगेज खानाचे नाव आले तर संदेश पुढे ढकलण्याआधी सुबुताईच्या बापाचा भाता आठवा, आणि बामियानचे खोरेही आठवा. दोन्ही एकत्र आठवले, तरच तो इतिहास आपल्या कामाचा आहे.

जय भीम!