पेसमेकर गप्प राहायला शिकला
८ ऑक्टोबर १९५८. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात पेसमेकर बसवला, जगातला पहिला. काही तासांतच तो बंद पडला, दुसरा बसवावा लागला. तेव्हाची यंत्रं बहिरी होती बघा. हृदयाचा स्वतःचा ठोका पडो न पडो, ठरल्या वेळी झटका देणारच! ईसीजीवर समान अंतरावर उभ्या रेघा. भलत्या क्षणी झटका बसला, तर जिवावर बेतायचं. १९६०च्या दशकात बरूह बर्कोविट्स यांनी ठोका ओळखून गप्प राहणारा पेसमेकर घडवला. म्हणून आज रेघ नसली, पण ठोके नीट पडत असले, तर यंत्र बिघडलं म्हणू नका. रेघ आहे आणि मागोमाग ठोका नाही, तेव्हा मात्र लगेच तपासा. लार्सन २००१पर्यंत जगले.