फसली पंचांग, तीन राजधान्या आणि मुदत : बीदर-कलबुर्गीच्या वकिली कचेऱ्यांचा कालगणना-इतिहास

वकिलाच्या कचेरीत दोन प्रकारचा काळ सांभाळावा लागतो. न्यायालय पुढील सुनावणीसाठी जो दिवस नेमून देते, त्याला हैदराबाद संस्थानात रूढ झालेला ‘पेशी’ हा शब्द सीमाभागात आजही ऐकू येतो. कायद्याने दावा, अपील किंवा दरखास्त (म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करण्यासाठी जी कालमर्यादा घालून दिलेली असते, ती ‘मुदत’, जिला उर्दू कायद्यात ‘मियाद’ म्हणत. पेशी चुकली तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो, परंतु तीस दिवसांत अर्ज करून तो पुन्हा बोर्डावर आणता येतो. मुदत मात्र कोणी पुकारून सांगत नाही, आणि ती टळली की हक्क खरा असूनही दाद मिळणे दुरापास्त होते. म्हणूनच तारखांची वही सांभाळणारा कारकून कचेरीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असला, तरी त्याच्या चुकीची किंमत पक्षकाराला जमिनीत मोजावी लागत असे. बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांत हे काम इतर ठिकाणांपेक्षा अधिक अवघड होते, कारण पाऊण शतकाच्या आत तेथील न्यायालयांचे पंचांग, भाषा आणि अपिलाचे ठिकाण अशा तिन्ही गोष्टी बदलल्या.

हे जिल्हे ज्यात होते त्या निजामाच्या हैदराबाद राज्यात सरकारी व्यवहार फसली सनाने चाले. अकबराच्या काळात महसूल-वसुलीच्या सोयीसाठी सुरू झालेला आणि शाहजहानच्या काळात दख्खनेत आलेला हा सन सौर वर्षाचा होता, त्यामुळे हिजरी सनाप्रमाणे तो ऋतूंपासून निसटत नसे. हैदराबादेत त्याला आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान असे इराणी महिने जोडलेले होते व वर्षारंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होई. याचा परिणाम असा की फसली सनावरून इसवी सन काढताना आजूर, दय आणि बहमनच्या बहुतेक दिवसांसाठी 590 मिळवावे लागत, तर त्यापुढील महिन्यांसाठी 591. 1347 फसलीच्या दय महिन्यातील दस्त नोव्हेंबर 1937 च्या सुमाराचा ठरतो, तर त्याच सनाच्या अमरदादमधला दस्त जून 1938 चा. सरसकट 590 मिळवणाऱ्याचे उत्तर वर्षाच्या बहुतांश भागात पुरत्या एका वर्षाने मागे पडते, आणि वचनचिठ्ठीवरील दाव्याला जेथे तीनच वर्षांची मुदत असते तेथे एका वर्षाची चूक ही निकाल फिरवणारी चूक असते.

राज्यातील कायदेही याच सनाने ओळखले जात. जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, मुदतीचा कायदा 1322 फसलीचा आणि दिवाणी कार्यपद्धतीची संहिता 1323 फसलीची होती. न्यायालयांची भाषा 1884 पासून फारसीऐवजी उर्दू झाली होती. परंतु भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील सावकाराची चिठ्ठी, गहाणखत किंवा कुलकर्ण्याचे दप्तर अनेकदा मराठीत, मोडी लिपीत आणि शके व तिथी घालून लिहिलेले असे. साहजिकच शके-तिथीचा दस्त, उर्दूतील दावा आणि फसली तारखेची पेशी हे सारे एकाच प्रकरणात एकत्र येत. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि ईद-मुहर्रमच्या सुट्ट्या चंद्रदर्शनावर अवलंबून. तेव्हा शेवटचा दिवस सुट्टीचा आहे की नाही, हेही काही वेळा आयत्या वेळीच ठरे.

या व्यवस्थेत वावरणारा वकील बहुभाषी असणे ही हौस नव्हती, गरज होती. मराठवाड्यातून आलेले केशवराव कोरटकर (1867–1932) यांनी वकिलीचा आरंभीचा काळ गुलबर्ग्यात घालवला, पुढे ते हैदराबादच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि तेथेच न्यायाधीशही झाले. त्यांच्या पिढीच्या मराठी वकिलांना उर्दूत युक्तिवाद करणे आणि मोडीतला पुरावा वाचून दाखवणे ही दोन्ही कामे करावी लागत. शिवाय आळंद आणि चिटगुप्पा यांसारखे तालुके पायगांच्या, म्हणजे निजामाच्या सरंजामदार घराण्यांच्या, अखत्यारीत होते, आणि जहागिरींची स्वतंत्र न्यायव्यवस्था खालसा, म्हणजे थेट सरकारी, मुलखापेक्षा वेगळी असल्यामुळे दावा कोठे लावायचा हा प्रश्न मुदतीच्याही आधी सोडवावा लागे.

सप्टेंबर 1948 मधील, म्हणजे आबान 1357 मधील, संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर हे सारे एका दिवसात बदलले असा समज होणे शक्य आहे. तो बरोबर नाही. जहागिरी रद्द करणारा विनियम ऑगस्ट 1949 मध्ये निघाला तरी त्याच्या नावात 1358 फसली हाच सन होता, आणि त्यानंतर वर्षभरातच आलेला कूळकायदा मात्र 1950 चा म्हणून ओळखला गेला. खरी उलथापालथ 1 एप्रिल 1951 रोजी झाली, कारण त्या दिवशी हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना भारताचे केंद्रीय कायदे लागू झाले व संस्थानी मुदतीच्या कायद्याची जागा 1908 च्या भारतीय कायद्याने घेतली. जुन्या कायद्याने एखाद्या दाव्याला अधिक मुदत दिली असेल आणि नव्याने कमी, तर काय करायचे, यासाठी त्या कायद्यात 30 वे कलम घालण्यात आले : असा दावा नवा कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत किंवा जुन्या कायद्याने दिलेल्या मुदतीत, यांपैकी जे आधी संपेल त्याच्या आत दाखल करता येई. म्हणजे मार्च 1953 पर्यंत प्रत्येक जुन्या प्रकरणासाठी फसलीतील जुनी मुदत, इसवीतील नवी मुदत आणि दोन वर्षांची सवलत अशा तीन तारखा काढून त्यांतली योग्य ती निवडणे भाग होते. विलीनीकरणाच्या इतिहासात या दोन वर्षांची दखल क्वचितच घेतली जाते, परंतु सामान्य ऋणको-धनकोंच्या दृष्टीने राज्य बदलल्याचा अर्थ या गणितातच दडलेला होता.

त्याच कायद्याच्या 25 व्या कलमाने आणखी एक जुना वाद मिटवला. मुदतीपुरते सर्व दस्त ग्रेगोरियन पंचांगाला धरून केलेले आहेत असे मानावे, असे ते कलम सांगते, आणि केवळ देशी तिथी घातलेली, चार महिन्यांनी देय असलेली वचनचिठ्ठी हेच उदाहरण ते देते. शके 1875 मध्ये, म्हणजे 1953 साली, अधिक वैशाख होता; त्या चैत्रात चार महिन्यांच्या बोलीवर घेतलेले कर्ज आषाढात फेडायचे की श्रावणात, असा प्रश्न पंचांगाने उभा केला असता, पण कायद्याने चार इंग्रजी महिने मोजून त्याला वावच ठेवला नाही. 1963 च्या आजच्या मुदत कायद्यात हीच तरतूद 24 व्या कलमात आहे.

1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेने पंचांगाला नव्हे, तर अंतराला हात घातला. जुन्या बीदर जिल्ह्यातील बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा व अहमदपूर द्विभाषिक मुंबई राज्यात. झहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात. काल एकाच जिल्हा न्यायालयात येणाऱ्या शेजाऱ्यांची उच्च न्यायालयातील अपिले आता बेंगळुरू, मुंबई आणि हैदराबाद अशा तीन दिशांना जाऊ लागली. बीदरहून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटर, तर बेंगळुरू सुमारे सातशे. अपिलाची नव्वद दिवसांची मुदत मात्र जशीच्या तशी राहिली. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस कायदा वजा करतो, पण उर्दू कागदांचे भाषांतर, अनोळखी शहरातला वकील शोधणे आणि प्रवास यांत गेलेले दिवस तो वजा करत नाही. उदगीरकरांची सोय औरंगाबादच्या खंडपीठाने 1981 मध्येच केली. गुलबर्ग्याला फिरते खंडपीठ मिळायला जुलै 2008 उजाडले आणि ते कायम व्हायला ऑगस्ट 2013. हा उशीर प्रशासकीय कारणांनी समजावून सांगता येईल, पण समर्थनीय म्हणता येणार नाही. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग त्यानंतरही 2017 पर्यंत पूर्ण झालेला नव्हता.

आज पेशीची तारीख ई-कोर्टच्या संकेतस्थळावर प्रकरणाच्या सोळा अक्षरी-अंकी क्रमांकावरून दिसते, आणि तारीख विचारण्यासाठी शिरस्तेदाराच्या टेबलाभोवती थांबण्याची गरज बरीच कमी झाली आहे. मुदतीचे मात्र तसे नाही. जमिनीच्या वाटणीच्या, इनामाच्या आणि वहिवाटीच्या दाव्यांत फसली सनाचे उर्दू कागद अजूनही पुरावा म्हणून दाखल होतात, आणि विरुद्ध पक्षाचा कब्जा बारा वर्षांचा झाला होता की नाही हे ठरवताना दस्तावरील महिना दयचा आहे की अमरदादचा, हे आधी वाचता यावे लागते. त्या उर्दू कागदांची लिपी वाचणारे जुने मुन्शी आता थोडे उरले आहेत, म्हणून अशा प्रकरणांत भाषांतरासोबत फसली तारखेचे इसवी रूपांतर कोणत्या आधाराने केले, हेही विरुद्ध बाजूच्या वकिलाला तपासून पाहावे लागते.